डावीकडे वळणारा झोका

झोका टीचभर डावीकडे वळला, घराच्या बाजूला.

जयवंता नटाकडे पाहत राहिली. कडुलिंबाला एकाच दोरावर टांगलेली फळी, तिच्यावर पाय उचलून बसलेली ती, आणि समोर रोवलेल्या खांबाच्या माथ्यावर नट बसवलेला एक बोल्ट. अमरावतीत अधांतरी होण्याची एवढीच सोय होती. यानाबाहेर आलेल्या अंतराळवीराच्या पायांखाली जमीन नसते. त्याने पाना फिरवला की नट राहतो जागच्या जागी आणि माणूसच उलटा फिरतो. हे वाचल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. चुलीवरच्या सांडशीवरून तिने नवा पाना बेतला. एक दांडा बोल्टाचं बूड धरायचा, दुसरा नट. दोन्ही दांडे मुठीत दाबले की नट सुटावा आणि माणूस हलू नये.

पण झोका रोज वळत होता.

"फसलं पुन्हा," ती म्हणाली.

"मंग राहू दे न," मागून फळी सरळ करत तिची आई सुंदराबाई म्हणाली. "आपल्यातलं कोन आभायात जाऊन राह्यलं?"

अहमदाबादच्या प्रयोगशाळेत जयवंताला जागा मिळत होती. "पाना जमला की जाईन," असं ती उन्हाळाभर म्हणत होती. आई त्यावर हो म्हणेना, नाही म्हणेना. झोका धरायला मात्र न चुकता यायची.

साध्या पान्याने झोका उजवीकडे वळायचा. नट डावीकडे सुटतो, म्हणून अंग उजवीकडे जातं. ते बरोबरच होतं. नवा पाना फसला असता, तरी झोका उजवीकडेच जायला हवा होता. डावीकडे जायला पान्याजवळ कारणच नव्हतं.

जयवंताने मागे वळून पाहिलं नाही.

"माय, जराशी पुढं ये. मले दिसशील अशी उभी राय."

सुंदराबाई थबकली. मग समोर आली. हातांचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी तिने ते पदरात गुंडाळले.

जयवंताने दांडे दाबले. नट फिरला. पुन्हा दाबले, पुन्हा फिरला. झोका जागचा हलला नाही. नट सुटून मातीत पडला.

सुंदराबाईने वाकून तो उचलला, पदराला पुसला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला.

"जाय बाई तू अहमदाबादले," ती म्हणाली. "आता नाई धरत मी."