स्टिअरिंगला नमस्कार

घाटाअलीकडच्या ढाब्यावर जेवून महिपतीने रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगला हात लावून कपाळाला टेकवला. तेवढ्या स्पर्शावरून ट्रकने त्याची अपुरी झोप ओळखली.

“चालक थकलाय. इंजिन सुरू होणार नाही.”

फोनवर शेठ भडकले. “डाळिंबं सडतील. ढाबेवाल्याचा हात लावून घे आणि नीघ.”

शेठना नाही म्हणायला महिपतीची जीभ आजवर रेटली नव्हती. त्याने ढाबेवाल्या बाबूमियांना बोलावलं. त्यांनी पंच्याला हात पुसून स्टिअरिंगवर ठेवला.

“हेही थकलेत,” ट्रक म्हणाला.

महिपतीने पडेल आवाजात शेठना कळवलं, “काय करू शेठ, गाडीच ऐकत नाही.”

बाबूमिया सावलीत दोन बाजा ओढू लागले. उतरता उतरता महिपतीने स्टिअरिंगला पुन्हा हात लावून कपाळाला टेकवला. या खेपेला मनापासून.