तोफेच्या कानात

पाण्याचा जग सिस्टरच्या कानाजवळून सणसणत गेला आणि भिंतीवर आदळला.

“जवळ आलीस तर डोळे काढीन!” खाटेवरची म्हातारी ओरडली.

खुब्याचं हाड मोडून आली होती, उठता येत नव्हतं, तरी अख्खा वॉर्ड तिनं डोक्यावर घेतला होता. आल्या दिवशीच एका आयाला कडकडून चावली. सलाईन तर टिकूच देत नव्हती. वॉर्डनं तिचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं.

सिस्टर दोन पावलं मागं सरली. तळहात मोकळे, आवाज खाली, नजरेला नजर भिडवायची नाही. या कसबापुढं आडदांड दारुडे गोगलगाय झाले होते. ही म्हातारी मात्र दाद देत नव्हती आणि ते सिस्टरला चांगलंच झोंबत होतं.

“घरी सोडा मला! ती उपाशी असेल तिकडं!”

‘ती’ म्हणजे मांजर, हे म्हातारीच्या मुलानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मांजर जाऊन वर्षं लोटली, आईच्या डोक्यातून काही जात नाही, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते.

“आजी, दूध घातलंय हो तिला,” सिस्टर लाडीगोडीनं म्हणाली. “पोटभर प्यायली आणि झोपली.”

म्हातारी तिच्या तोंडावर थुंकली.

बेसिनपाशी तोंड धुताना सिस्टरला रडू आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. हेड सिस्टर मागं येऊन उभी राहिली.

“पुरे झाले तुझे लाड. हात खाटेला बांध तिचे.”

“नको ना मॅडम. मागं त्या आजोबांचे बांधले होते, ते परत कुणाशी बोललेच नाहीत.”

“मग संध्याकाळच्या आत गप्प करून दाखव. नाही जमलं तर पट्टे मी स्वतः आवळणार आहे.”

सिस्टरनं मुलाला फोन लावला. भेटीची वेळ नव्हती, पण तोफ थंड व्हायची ती फक्त त्याच्यापुढं. बिचारा हातातलं काम टाकून धावत आला. आल्या आल्या त्यानं सगळ्यांची माफी मागितली, चावलेल्या आयाचीसुद्धा. मग आईच्या कपाळावरून हात फिरवला, खाली वाकला आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटला.

म्हातारी चिडीचूप. सिस्टरनं दंडात सुई टोचली तरी हूं की चूं केलं नाही. मुलानं भरवलेलं जेवण छताकडं बघत मुकाट्यानं गिळलं.

“असा मुलगा मिळायला नशीब लागतं,” शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली. स्वतःचा मुलगा अजून फिरकला नव्हता, त्यामुळे तिला ते जास्तच लागलं असावं. सिस्टरनंही मान डोलावली.

“कानात काय सांगता हो तुम्ही?” तिनं मुलाला विचारलं. “आम्हालाही शिकवा की. तुमची पाठ वळली की आमची धडगत नसते.”

तो लाजल्यासारखा हसला. “मायलेकाचं असतं काहीतरी, सिस्टर.”

हेड सिस्टरनं त्याला दिवसभर थांबायची परवानगी दिली. पट्टे कपाटातच राहिले. सिस्टरला हायसं वाटलं, पण चैन पडेना. उद्या हा माणूस कामावर गेला की पुन्हा तेच, आणि मग हात बांधण्यावाचून गत्यंतर नाही. म्हातारीला वाचवायचं तर ते शब्द हवेच होते.

दुपारी वॉर्ड पेंगत असताना पडद्यामागून कण्हणं ऐकू आलं. “घरी ने रे मला...” पाठोपाठ खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज.

सिस्टर पाय न वाजवता पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. शब्द न् शब्द लक्षात ठेवायचा, असं तिनं ठरवलं होतं.

“शांत हो बघू, आई,” मुलगा म्हणत होता. आवाज लोण्यासारखा मऊ. “तू इथं गप्प राहिलीस, तरच आज ताईच्या खोलीचं कुलूप काढून तिला जेवायला देईन. ठरलंय ना आपलं?”