खंडेनवमीचं माप

“हा टिकणार नाही,” म्हणत सुहासदादाने आणखी एक कॅटलॉग मिटला, तेव्हा त्याची धाकटी बहीण, म्हणजे मी, स्टुलावर उभी राहून मिलिंग मशीनच्या डोक्यावरचा बोल्ट पान्याने सोडवत होते. आमच्याकडे टूल बदलायचं म्हणजे दर वेळी वर चढा, बोल्ट सैल करा, त्यावर हातोडी मारा. हे काम माझं, त्यात खांदा कामातून गेला. झटक्यात टूल बदलणारा होल्डर निवडायचं काम दादाचं, त्यात वर्ष गेलं.

शेवटी होल्डर आला एकदाचा. दादाने नारळ फोडला, हाताने नुसती रिंग फिरवली आणि टूल बदललं. मला रडायलाच येत होतं.

मग मी टेबलावर बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात रोजचा जॉब, म्हणजे लोखंडाचा ठोकळा, पकडला. होल्डर इतका लांब, की टेबल पार तळाला नेलं तरी जॉब टूलखाली जाईना.

“उंची मोजली होतीस ना?”

“मोजली की. खंडेनवमीला, निवांत होतो तेव्हा.”

खंडेनवमीला आम्ही मशीन पुसून पूजतो. त्या दिवशी व्हाइस टेबलावर नव्हताच. तो खाली पाटावर होता, हळदकुंकू लावलेला.

मी होल्डर काढला, जुना बोल्ट लावला आणि पाना घेऊन पुन्हा स्टुलावर चढले. खाली कॅटलॉगची पानं उलटल्याचा आवाज आला.

“बुटके व्हाइस मिळतात म्हणे,” दादा म्हणाला. “पण या वेळी निवडताना घाई नको.”