मधला पत्रा

सत्तारभाईंनी कटर बंद केला आणि पत्र्याची गोल चकती ठणकन ओट्यावर पडली. पुनमने आनंदाने टाळीच वाजवली. शेजारशेजारचे दोन पिंजरे एक झाले होते. मध्ये मांजर आरामात जाईल एवढं गोल दार.

"कूलरला पंख्यासाठी पाडतो, तसंच पाडलंय ताई," काठावर चिरलेला रबरी पाइप बसवत सत्तारभाई म्हणाले. "पण नानांना काय सांगणार?"

तेव्हा कुठे पुनमचं पत्र्याकडे लक्ष गेलं. नशिराबादजवळच्या या प्राण्यांच्या निवाऱ्याला सगळे पिंजरे एरंडोलच्या रुपचंदनानांनी दिले होते. आणि आपल्याकडे दान दिलं की नाव आलंच; पंख्याच्या पात्यावरसुद्धा ते गरगरत असतं. पिंजऱ्याला पुढून जाळी, म्हणून पेंटरने नाव बाजूच्या पत्र्यावर रंगवलं होतं. 'कै. सुंदरबाई यांच्या स्मरणार्थ.' त्यातलं 'कै.' राहिलं होतं आणि 'स्मरणार्थ' राहिलं होतं. नानांची आई नेमकी चकतीवर गेली होती.

"ते नंतर बघू. आधी भुरी!"

भुरी आल्यापासून उपाशी होती. एवढ्याशा पिंजऱ्यात लपायला जागा नाही, म्हणून ती हगण्यामुतण्याच्या ट्रेमध्येच अंग चोरून बसायची, आणि खाण्याची वाटी तिथेच नाकाशी. आज पोटात काही गेलं नाही तर मांजर हाती लागणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. संडासात ताट वाढलं तर माणूस तरी जेवेल का, एवढंच पुनमचं म्हणणं होतं.

दोघांनी पिंजरा उचलून मांजरांच्या खोलीत आणला. ट्रे एका बाजूला, वाटी दुसऱ्या बाजूला. वाटीजवळ केळीचा रिकामा खोका आडवा ठेवला, वर बसायला एक फळी ठोकली. पुनमने भुरीला ट्रेच्या बाजूला सोडलं आणि लांब जाऊन बसली.

"हाई काय शे?"

दारात रुपचंदनाना उभे होते. नजर सरळ मधल्या पत्र्यावर. "मनी मायना नावम्हा भोक?"

नानांनी मनावर घेतलं तर सगळे पिंजरे उद्या टेम्पोत चढले असते.

"नाना, चुकलं माझं. आईंच्या नावात भोक पाडण्याआधी विचारायला हवं होतं. पण आत्ता ओरडू नका, हात जोडते. तिच्याकडे बघा."

भुरीने गोल दारातून डोकं घातलं. मग एक पाय. थांबली. आणि सुळकन पलीकडे जाऊन थेट खोक्यात शिरली. बराच वेळ काहीच हललं नाही. मग खोक्याबाहेर आधी मिशा आल्या, मागोमाग तोंड, आणि वाटीतून चपचप आवाज यायला लागला.

"खातेय! सत्तारभाई, खातेय ती!" पुनमने ओरडायचं तेवढं कुजबुजत ओरडून घेतलं. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

नाना धोतर सावरून उकिडवे बसले आणि वाटी चाटूनपुसून साफ होईपर्यंत बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ट्रेमध्येच बसलेल्या एका बोक्याच्या पिंजऱ्यापाशी गेले. त्या पिंजऱ्याच्या पत्र्यावर खुद्द त्यांचंच नाव होतं, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, लाल रंगाने.

नानांनी त्या नावाच्या बरोबर मधोमध बोट टेकवलं.

"सत्तार, आते आठे पाड. आनी जरा मोठं पाड. हाऊ बोका जाडा शे."