आवाजाची चाचणी

"बाबा, तुमच्या कॉम्प्युटरला मी हातसुद्धा लावत नाहीये," सून म्हणाली. "हा माझा लॅपटॉप. त्याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार केलाय आणि नवी सिस्टीम फक्त त्यात टाकलीय. काही बिघडलं तर ही खिडकी बंद करायची. कुणाला खरचटणारही नाही."

सासऱ्यांनी मान डोलावली, पण खुर्ची काही जवळ ओढली नाही.

सहा वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र गेलं. त्याआधी गणिताच्या या मास्तरांनी आठ दिवस माइकसमोर बसून हजारभर वाक्यं वाचून ठेवली होती. तेव्हापासून ते टाइप करायचे आणि कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलायचा. आता तो दिवसातून चारदा अडकत होता. सिस्टीम बदलायलाच हवी होती. पण आवाजाचा प्रोग्राम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. नव्या सिस्टीमवर तो चालेल का, असं विचारल्यावर दुरुस्तीवाला म्हणाला होता, "चालला तर चालला."

त्यांचा कॉम्प्युटर आत्ताही अडकलेला होता, म्हणून मास्तरांनी वहीत लिहून वही पुढे सरकवली. 'तुझी सासू बाजारातून यायच्या आत उरक. तिला यातलं काही माहीत नाही.'

सुनेने आवाजाचा प्रोग्राम त्या खोट्या कॉम्प्युटरात चढवून उघडला. मास्तरांनी खुर्ची पुढे घेऊन 'नमस्कार' टाइप केलं आणि बटण दाबलं. शांतता. पुन्हा दाबलं. काही नाही.

त्यांनी वही ओढून घेतली. अक्षर वाकडं आलं. 'राहू दे. आहे ते बरं आहे.'

"थांबा हो जरा." सुनेने दोनतीन ठिकाणी उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अय्या! या खोट्या कॉम्प्युटरला मी स्पीकरच जोडलेला नाही. आवाज येणार कुठून?"

तिने तो बंद केला, स्पीकर जोडला, पुन्हा सुरू केला. या वेळी आवाज आला. एका तरुण मुलीचा, चिरका आणि फार उत्साही. "नमस्कार!"

"ही आईंना चालायची नाही," सून हसत म्हणाली. मास्तर हसले नाहीत. ते भिंतीकडे बघत होते. तिचंही हसू मावळलं. प्रोग्रामला त्यांची वाक्यं सापडत नव्हती, म्हणून त्याने पदरचा आवाज लावला होता. ती वाक्यं भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडली होती. तिने शोधून ती जागेवर आणली.

"आता टाका, बाबा."

मास्तरांची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली. यानंतर करून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सासूबाई आत आल्या. दारापासून आतपर्यंतची फरशी नुकतीच पुसलेली होती. मास्तरांची बोटं भराभर चालली.

"अगं, सांभाळून. फरशी ओली आहे."

किंचित घोगरा, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा, 'ओली'वर उगाच रेंगाळणारा आवाज.

"दिसतंय हो मला. आंधळी नाहीये मी," असं म्हणत सासूबाई, वर न बघता, भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात निघून गेल्या.

सुनेने रोखलेला श्वास सोडला. मास्तर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले होते. आधी तिला वाटलं, ते रडताहेत. मग त्यांचे खांदे गदगदा हलताना दिसले आणि तिलाही हसू आवरेना.

आत पिशव्या ओट्यावर आदळल्या.

"अहो," सासूबाईंनी तिथूनच हाक मारली, "एवढं बोलून गप्प का बसलात? बोला की काहीतरी!"