आरशामागचा स्क्रू

धाकटी सरांना बोलवायला धावली आणि थोरली यंत्रापाशी एकटीच उरली.

काचेच्या पेटीत, सहा बाजूंनी येणाऱ्या लेझरच्या प्रकाशात अणूंचा पुंजका अडकून पडला होता. पडद्यावर तो मोहरीएवढा दिसत होता. प्रकाशाने अणूंचा वेग मारायचा, वेग मेला की ते गार पडतात, हे या प्रयोगशाळेत सगळ्यांना थोरलीनेच शिकवलं होतं. धाकटीलाही. सरांकडे शब्द टाकून बहिणीला इथे चिकटवलंही तिनेच. आणि आता ही कालची पोरगी म्हणते, शेवटी प्रकाश एकदम बंद करू नका, हळूहळू मंद करा, अणू आणखी गार होतील. झालेही, मेले! सरांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की थोरलीची पद्धत मोडीत निघणार. आई तर आत्तापासूनच फोनवर धाकटीचं कौतुक गावभर सांगत सुटली होती.

लहानपणापासून हिला सगळं आयतं! थोरलीने दाराकडे एकदा पाहिलं, किरण पेटीत वळवणाऱ्या कोपऱ्यातल्या आरशामागचा स्क्रू चिमटीत धरला आणि पाव फेरा फिरवला. आरसा हलला की किरण चुकतो आणि अणू पांगतात. सर येतील तेव्हा पेटी रिकामी दिसणार होती.

पण ठिपका विझला नाही. जरासा थरथरला आणि फुगून चांगला वाटाण्याएवढा झाला, लखलखीत. आधीपेक्षा कितीतरी जास्त अणू अडकले होते. म्हणजे आरसा इतके दिवस तिरकाच बसला होता. बसवला होता तिनेच.

“अरे वा!” सर दारातूनच ओरडले आणि धाकटीकडे वळले. “कमाल केलीस गं!”

धाकटी पडद्याकडे बघतच राहिली. मग तिचं लक्ष थोरलीच्या हाताकडे गेलं. तो अजून स्क्रूवरच होता.

“मी नाही, सर. मी गेले तेव्हा एवढासा होता. हे ताईचं काम आहे.” तिने थोरलीला कडकडून मिठी मारली. “सांगितलं नव्हतं मी? तिच्या हातात जादू आहे!”

सर स्टूल ओढून थोरलीसमोर बसले.

“आम्ही सगळे नुसते चाचपडत होतो आणि तुला बरोबर हाच स्क्रू सापडला,” ते म्हणाले. “आता नीट सांग. काय विचार करून फिरवलास?”