अर्ध्या शटरआड

"इथे सही करा," कोर्टाचा कारकून म्हणाला.

औषधवालीने पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि तसंच लावून पेन परत आत टाकलं. पेन हिरवं होतं.

"तुमचंच द्या ना जरा."

कारकुनाने कानामागचं पेन काढून दिलं. साक्षीला येणारी माणसं पेन विसरतात, याची त्याला सवय होती.

हिरव्या पेनाची गोष्ट एव्हाना सगळ्या बाजारात झाली होती. नवरा-बायको मिळून औषधांचं दुकान चालवत. शिस्त नवऱ्याची. पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहायचं आणि वर खूण करायची. नवऱ्याची खूण हिरवी, बायकोची निळी. रिफिली आणायचं काम बायकोकडे होतं आणि ती हमखास विसरायची. बावीस वर्षं असंच चाललं होतं. गिऱ्हाइकं थट्टाही करत, "आज निळ्या शाईचं औषध द्या हो, हिरवं फार कडू लागतं."

मग समोरच्या शिंपीकाकांच्या पाकिटात रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी साखर उतरवणाऱ्या गोळ्या गेल्या. दोन्ही खोकी दिसायला सारखी. तिसऱ्या दिवशी काका कापड बेतता बेतता कोसळले. जीव वाचला, पण आता ते पोटच्या मुलीला ओळखत नव्हते. पाकिटावर हिरवी खूण होती.

नवरा पहिल्या दिवसापासून मूग गिळून बसला होता. हो नाही, की नाही नाही. लोकांनी काय ते समजून घेतलं. औषधवाली दूध आणायलाही लांबच्या वळणाने जायला लागली, कारण जवळच्या वाटेवर शिंपीकाकांचं बंद दुकान होतं. तिला लाज वाटत होती. साधीसुधी नाही, आरशात बघून केस विंचरायचीही लाज.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिने डाव्या बाहीचं टोक मुठीत धरलं. तिथे काकांनी केलेलं रफू होतं. डोळ्यांना दिसत नसे, बोटांना तेवढं कळे.

"हिरवं पेन कोणाचं?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"यांचं."

"त्या दुपारी पाकिटावर खूण करताना आरोपीला पाहिलंत?"

"नाही."

"तुम्ही दुकानात नव्हता?"

"होते."

"दुकान केवढं आहे?"

"दहा बाय बारा."

"आणि तरी पाहिलं नाही."

"नाही पाहिलं."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. तिचे कान तापले.

"बरं," वकील म्हणाले, "काका कोसळले त्या संध्याकाळी शेजारच्या न्हाव्याने तुम्हा दोघांना दुकानात पाहिलं. शटर अर्धं खाली होतं. आतून तासभर बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलणं झालं?"

नवऱ्याचा वकील ताडकन उठला. नवरा-बायकोत झालेलं बोलणं बायकोकडून वदवून घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. न्यायाधीश बाईंनी हातानेच त्याला बसवलं.

"हे बघा बाई," त्या औषधवालीला म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिलेलं तुम्हाला सांगावं लागेल. पण तुमच्या दोघांत जे बोलणं झालं, ते सांगायची सक्ती नाही. तुम्हाला सांगायचं असलं, तरी जो बोलला त्याची परवानगी लागते."

"मग विचारून घेऊ या परवानगी," सरकारी वकील आरोपीकडे वळले. "निर्दोष माणसाला स्वतःच्या बायकोची भीती कशाला?"

न्यायाधीश बाईंनी विचारलं. नवरा उभा राहिला. तो बायकोकडे बघत राहिला. रागाने नाही, उशीर झालेल्या बसची वाट बघावी तसा. तिने मान खाली घातली आणि अंगठा रफूवर घासत राहिली. तोंड उघडावं असं तिला वाटलं. उघडलं नाही.

"नाही," नवरा म्हणाला आणि खाली बसला.

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि निकालाला सोमवारची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात नवऱ्याच्या वकिलाने घाम पुसला. "खूण त्यांची आहे, त्यामुळे तुरुंग टळेल असं मी म्हणत नाही. पण निदान बायकोच्या तोंडून काही गेलं नाही. शाबास वहिनी."

तेवढ्यात शिंपीकाकांची मुलगी समोर आली. औषधवाली भिंतीला टेकली. हिने आता एक थोबाडीत द्यावी, म्हणजे बरं वाटेल, असं तिला वाटलं.

मुलीने तिचा हात हातात घेतला. "वहिनी, माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही तरी काय करणार? तुम्हाला बोलू दिलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं, मला माहितीये. त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही."

औषधवालीने हात सोडवून घेतला. मुलगी डोळे पुसत जिना उतरून गेली.

नवरा पाण्याची बाटली घेऊन आला. टोपण उघडून त्याने बाटली आधी तिच्या हातात दिली. ती दोन घोट प्यायली, तोवर तो उभा राहिला.

"जाताना निळी रिफिल घेऊ या, त्या दुपारीच संपली होती तुझी," तो म्हणाला. "सोमवारनंतर दुकान तुलाच बघायचंय."

तिने मान हलवली. परवानगी त्याची नव्हे, तिची हवी होती. त्या संध्याकाळी अर्ध्या शटरआड तो एक शब्दही बोलला नव्हता. तासभर बोलत होती ती.